हिरवळीकाठची चाळ

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने प्रवासवर्णन लिहू नये, अशा मताचा मी आहे. 'आम्ही मुलाकडे गेलो होतो तेव्हा...' असे शब्द कानी पडताच आमच्या कट्ट्यावरच्या तिघांना एकाच वेळी घरची कामे आठवतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा वाचकहो, आधीच सांगून टाकतो, की मी नायगारा पाहिलेला नाही. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात शिरून वर चढलो नाही. डॉलरचे रुपये करून भाजीचा भावही तुम्हांला सांगणार नाही. अमेरिकेत मी जी वस्तू मन लावून पाहिली, ती एक चाळ होती.

हसू नका. चाळच! जन्माची छत्तीस वर्षे गिरगावात काढलेल्या माणसाला चाळ ओळखू येऊ नये काय? व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल नावाचे एक गाव आहे, तिथल्या विद्यापीठाच्या ऐन मध्यभागी ही चाळ उभी आहे. बांधून दोनशे वर्षे झाली. खोल्या चोपन्न. दोन रांगा समोरासमोर. खोल्यांना लागून खांबांची लांबच लांब गॅलरी. दोन रांगांच्या मधे पटांगण. प्रत्येक खोलीला पुढे एक दार, दारावर राहणाऱ्याचे नाव. आणि आता नीट ऐका: संडास आणि न्हाणीघर खोलीत नाही! खोलीबाहेर पडून, चार खांब ओलांडून, आडोशाला जावे लागते. हिवाळ्यात बर्फ पडले असले तरीसुद्धा.

या चाळीत एक वर्ष राहायला मिळावे म्हणून तिथली मुले अर्ज करतात. चौथ्या वर्षाला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, हजारोंनी विद्यार्थी असतात आणि खोल्या एवढ्याच. मग निवड होते. खोली मिळाली की घरोघर फोन जातात, आईबाप शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात. आम्ही ज्या सुखासाठी गिरगावातून ठाण्याला पळालो, ते सोडून ही मुले तिकडे धावत होती. आणि त्या धावणाऱ्यांत आमची नात होती, म्हणून तर हा सगळा प्रपंच.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता चिरंजीवांकडे रिचमंडला गेलो, तेव्हा नात तिसऱ्या वर्षाला होती. पहिल्याच रविवारी ती आम्हांला विद्यापीठ दाखवायला घेऊन गेली. तिथे 'कँपस' म्हणायचे नाही, 'ग्राउंड्स' म्हणायचे; आणि मधल्या हिरवळीला नुसते 'लॉन'. जणू जगात दुसरे लॉनच नाही. मी मनात म्हटले, गवत ते गवत. आमच्या शिवाजी पार्कात काय कमी आहे?

पण जाऊन पाहिले तेव्हा थोडा थांबलो. वरच्या टोकाला घुमटाची मोठी इमारत, तिला रोटुंडा म्हणतात. तिच्या पायऱ्यांपासून हिरवळ सुरू होते आणि पायरीपायरीने दक्षिणेकडे उतरत जाते. दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा, झाडांच्या मागे गॅलरी, गॅलरीच्या आत खोल्या, आणि खोल्यांच्या मधे मधे दहा दुमजली बंगले. त्यांत प्राध्यापक राहतात. पाने पिवळी होऊ लागली होती, ऊन कोवळे होते आणि त्या गवतावर माणसांची जत्रा भरली होती.

एक मुलगा तोंडावर पुस्तक पालथे घालून गाढ झोपला होता. पुस्तक कायद्याचे असावे, झोपेवरून तरी तसे वाटले. चार मुली चादर पसरून एकाच संगणकात डोके घालून भांडत होत्या. दोघे थाळीसारखी तबकडी एकमेकांकडे फेकत होते, आणि मधे एक कुत्रा ती आपल्यासाठीच फेकली जाते अशा समजुतीने धावत होता. गावातली एक बाई तान्ह्या मुलाला गवतावर सोडून निवांत बसली होती. एका झाडाखाली एक जोडपे होते. त्याबद्दल अधिक लिहिता येत नाही, कारण सौ.ने माझी मान दुसरीकडे वळवली. गॅलरीत खोल्यांच्या दाराशी झुलत्या खुर्च्या होत्या. एकीत एक पोरगा पाय खांबाला लावून डुलत बसला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होता. थेट आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे तात्या!

मी सभोवार पाहिले. पाटी कुठे दिसेना.

"कसली पाटी, आजोबा?"

"अगं, 'गवतावर बसू नये' अशी."

नात हसत सुटली. तिला काय ठाऊक? आमची गिरगावातली चाळ पाडून तिथे मनोरा उठला, तेव्हा बिल्डरने आम्हां जुन्या भाडेकरूंना नकाशात हिरवा रंग दाखवला होता. तो हिरवा रंग आता सातव्या मजल्यावर, मोटारींच्या डोक्यावर आहे. गालिचासारखे गवत आहे, दिवे आहेत, आणि दर दहा पावलांवर पाटी आहे. आम्ही आमची जागा विकून ठाण्याला आलो. पण जुन्या शेजाऱ्यांकडे गेलो की ते हौसेने ते गवत दाखवतात. काठावर उभे राहून पाहायचे. देवळात गाभाऱ्यापुढे उभे राहतो तसे.

आता थोडा इतिहास सांगतो; कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडून द्या, मी रागावणार नाही.

हे विद्यापीठ काढले टॉमस जेफरसनने. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा तो हाच, आणि त्या देशाचा तिसरा अध्यक्षही तोच. पण थडग्यावर काय कोरायचे हे त्याने स्वतः लिहून ठेवले होते, त्यात अध्यक्षपद नाही. विद्यापीठाचा जनक हे आहे. मोठमोठ्या एकसंध कॉलेज-इमारतींचा त्याला तिटकारा होता. गोंगाट, घाण, कोंदट हवा, आगीची भीती, रोगाची साथ, असे त्याचे म्हणणे. त्याऐवजी प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकाला एक बंगला द्यावा, खाली वर्ग, वर बिऱ्हाड. बंगल्यांच्या मधे विद्यार्थ्यांच्या खोल्या ओळीने. सगळ्यांना जोडणारी छपराची वाट. आणि मधे झाडे आणि गवत, अशी त्याची कल्पना. विद्येचे खेडेगाव! १८१७ साली पहिला दगड बसला, १८१९ साली विद्यापीठ कागदोपत्री स्थापन झाले, १८२५ च्या मार्चमध्ये वर्ग सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी म्हातारा गेला. वरच्या टोकाला त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चर्च न बांधता त्याने ग्रंथालय बांधले, रोमच्या पँथिऑनच्या धर्तीवर, अर्ध्या मापाचे. खालचे दक्षिणेचे टोक मात्र उघडे सोडले होते, लांबवरचे डोंगर दिसावेत म्हणून. १८९५ साली रोटुंडा जळाला, पुन्हा उभा केला, आणि त्याच सुमारास त्या उघड्या टोकावर कॅबेल हॉल बांधून डोंगर झाकून टाकले. उघडी जागा दिसली की काहीतरी बांधल्याशिवाय चैन पडत नाही, हा रोग काही केवळ मुंबईचा नव्हे.

जेफरसनला वाटले होते, प्राध्यापकांच्या दाराशी राहिली की मुले आपोआप सभ्य होतील. सुरुवातीची मुले जमीनदारांची, मस्तवाल. १८४० साली एका रात्री मुखवटे घालून दंगा करणाऱ्यांना धरायला एक प्राध्यापक आपल्या बंगल्याबाहेर आले, तर एका विद्यार्थ्याने त्यांना गोळी घातली. ते त्यात गेले. याच हिरवळीवर! त्यानंतर दोन वर्षांनी मुलांनी आपल्या शब्दाला जागण्याची शपथ घेण्याची पद्धत सुरू झाली, ती आजही आहे. मुलींना तिथे मुलांच्या बरोबरीने सरसकट प्रवेश मिळाला तो १९७० साली. १९८७ पासून ही सारी जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. म्हणजे ते बाहेरचे संडाससुद्धा वारशाच्या हद्दीतच, असे मी सौ.ला सांगितले, तिला ते रुचले नाही.

त्या दिवशी आम्ही गवतावर बसलो. सौ.ने पोळीचे लाडू आणले होते. नात म्हणाली, "आजोबा, पुढच्या वर्षी इथल्या खोलीसाठी अर्ज करणार आहे. बाबांना अजून सांगितलं नाहीये."

"का सांगितलं नाहीस?"

"तुम्हीच बघा ना सांगून."

नातवंडे आजोबांना देवाधर्मासाठी जवळ करतात असे पूर्वी ऐकले होते. आता वकिलीसाठी करतात.

रात्री जेवणे झाल्यावर मी विषय काढला. चिरंजीव एरवी थंड डोक्याचा माणूस. पुलांचे आराखडे काढतो. पुलावरून मालमोटार गेली तरी हलू नये असा स्वभाव. पण मी 'न्हाणीघर बाहेर आहे' एवढे म्हणताच त्याने हातातला पेला खाली ठेवला.

"अण्णा, मी तिला चार वर्षं शिकवायला किती पैसे भरतो, माहीत आहे? ते काय तिने पुन्हा कॉमन संडासात जावं म्हणून?"

"अरे, पण मान आहे त्यात. निवडून देतात."

"कसला मान? चाळीत राहण्याचा?"

मग तो जे बोलला, ते मी पस्तीस वर्षांत कधी ऐकले नव्हते.

तो दहावीत होता. सकाळी साडेसहाची वेळ, संडासाची रांग, हा चौथा. हातात टमरेल. पहिल्या मजल्यावर कुणाकडे तरी पाहुणे येत होते, आणि त्यांच्याबरोबर त्याच्या वर्गातली एक मुलगी जिना चढून वर आली. तिने याला पाहिले, टमरेल पाहिले, आणि ओळखीचे हसली. "वाईट हसली नाही, अण्णा. नुसती हसली. पण त्या दिवसापासून मी पहाटे चारला उठायला लागलो. रांग नसायची."

मी आणि सौ. एकमेकांकडे बघत राहिलो. तो चारला उठतो ते अभ्यासासाठी, असे आम्हांला वाटत होते! सौ.ने अख्ख्या मजल्याला ते कौतुकाने सांगितले होते. शेजारच्या काकूंनी तर आपल्या मुलाला त्याचे उदाहरण देऊन देऊन बेजार केले होते. दहावीत त्याला चांगले गुण मिळाले ते खरे. चारला उठून माणूस करणार काय, अभ्यासच करणार. गॅलरीतल्या पिवळ्या दिव्याखाली, पटांगणाकडे तोंड करून. पण कारण हे होते.

आता यावर काय बोलावे? सूनबाईंनी पेले उचलले. त्यांची हरकत निराळी होती. २०१७ च्या ऑगस्टची ११ तारीख त्या विसरल्या नव्हत्या. त्या रात्री गोऱ्या वर्णाच्या वर्चस्वाच्या घोषणा देत शेकडो लोक जळते पलिते घेऊन याच हिरवळीवरून चालत रोटुंडापर्यंत गेले होते. पलीकडे जेफरसनच्या पुतळ्याभोवती थोडेसे विद्यार्थी हातांत हात घालून उभे होते, त्यांना त्यांनी घेरले. दुसऱ्या दिवशी गावात विरोधकांच्या घोळक्यावर एकाने मोटार घातली, त्यात एक तरुण बाई मारली गेली. नात तेव्हा चौदा वर्षांची. रिचमंड तिथून तास-सव्वा तासावर. टेलिव्हिजनवर ते पलिते पाहून सूनबाईंनी घराचे पडदे ओढले होते, असे त्या म्हणाल्या. "आणि तिथेच, त्या गवतासमोर, दारावर आपलं नाव लावून हिने राहायचं?"

नात जिन्यावर उभी राहून ऐकत होती. ती खाली आली. "आई, ते एका रात्रीत निघून गेले. आम्ही तिथे रोज बसायला नको का?"

पुढे तिने बापाला सांगितले, ते माझ्या अधिक लक्षात राहिले. म्हणाली, "बाबा, पहिल्या वर्षी मला तिथे कुणी ओळखत नव्हतं. जेवणघरात एकटीने जेवायला इतकं कसंतरी व्हायचं, की मी डबा भरून घेऊन लॉनवर जायचे. तिथे एकटं बसलेलं कुणाला विचित्र वाटत नाही. झाडाखाली बसलं, की बसलं. तीन आठवडे एकटी जेवले. मग एक दिवस त्या तबकडीने माझा डबा उडवला, आणि जिने ती फेकली होती, ती आज माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण आहे. तुम्हांला मी हे कधी सांगितलं नाही."

घरोघरी मातीच्या चुली, दुसरे काय! बाप पहाटे चारला उठतो ते आम्हांला कळले नाही, मुलगी एकटी जेवते ते त्याला कळले नाही. त्याला त्याच्या वयात पटांगण नको झाले होते, आणि तिला पटांगणानेच हात दिला होता. दोघांचेही खरे. अशा भांडणात वकील निरुपयोगी असतो. मी औषधाची गोळी घेण्याचे निमित्त करून उठलो.

त्यानंतर आणखी एकदा नातीबरोबर गेलो, तेव्हा तिने मला लॉनच्या पलीकडे, रोटुंडाच्या पूर्वेच्या बाजूला नेले. तिथे दगडाचे एक मोठे कडे आहे, अर्धवट उघडे. २०२० साली पुरे झाले. ही सगळी चाळ, बंगले, घुमट, विटा भाजण्यापासून, गुलामांनी बांधली. नंतर १८६५ पर्यंत खोल्या झाडणे, पाणी भरणे, लाकडे आणणे, कपडे धुणे, सगळे त्यांनीच केले. असे सुमारे ४,००० लोक असावेत असा विद्यापीठाचा अंदाज आहे. कड्याच्या आतल्या अंगाला प्रत्येकासाठी दगडात एक आडवी खाच आहे. काही खाचांवर नाव आहे. काहींवर नावाऐवजी नुसता धंदा, किंवा नुसते नाते. बाकीच्या खाचा कोऱ्याच. नुकताच पाऊस पडून गेला होता, आणि त्या खाचांतून पाणी ओघळत होते. मी एका कोऱ्या खाचेत बोट घातले. नंतर काय करावे ते सुचेना.

येताना माझ्या डोक्यात आमच्या चाळीचा मागचा लोखंडी चक्री जिना होता. गिरगावात, लालबागेत जुन्या चाळी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना तो आठवेल. संडास साफ करणाराने पुढच्या जिन्याने येऊ नये म्हणून तो मागे बांधलेला असे. छत्तीस वर्षे मी त्या चाळीत राहिलो. आमच्या पटांगणाच्या कितीतरी गोष्टी मी याच पानावर लिहिल्या आहेत: गणपतीचा मांडव, कोजागिरीचे दूध, पत्त्यांचे डाव, अबोल्याने संपलेले क्रिकेटचे सामने. वाचकांनी कौतुकाची पत्रे पाठवली. त्या जिन्याने रोज पहाटे वर येणाऱ्या माणसाचे नाव काय, हे मला माहीत नाही. त्याची मुले आमच्या पटांगणात कधी खेळली नाहीत, हे मात्र नक्की माहीत आहे. कोणी मनाई केली होती असे नाही. कोणी बोलावले नव्हते, इतकेच.

असो. दिवाळीच्या अंकात हे लिहावे की नाही, असे वाटले होते, पण लिहिले.

आम्ही परत आलो. नातीने अर्ज केला. बापाने 'कर' म्हटले नाही आणि 'करू नको' म्हटले नाही. २०२४ च्या उन्हाळ्याआधी कळले, की खोली मिळाली. ऑगस्टमध्ये सामान पोहोचवायला चिरंजीव स्वतः गेला. सूनबाईंनी फोनवर सौ.ला गुपचूप सांगितले, की त्याने खोलीच्या दारापासून न्हाणीघरापर्यंतची पावले मोजली, वाटेतले दिवे लागतात की नाही ते पाहिले, आणि कुणाला काही न बोलता गाडीत येऊन बसला.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही पुन्हा तिकडे होतो. सांगण्यासारखे पुष्कळ आहे. त्याच आठवड्यात तिकडचा भुतांचा सण, हॅलोविन. एका संध्याकाळी गावातली शेकडो चिल्लीपिल्ली चेटकिणी, वाघ, अग्निबंबवाले होऊन लॉनवर येतात आणि चोपन्न दारांपुढे पिशव्या पसरतात. आतली मुले गोळ्या वाटतात. आमच्या नातीने गोळ्यांबरोबर शंकरपाळे वाटले. एका चार वर्षांच्या वाघाने एक खाल्ला, विचार केला, आणि परत रांगेत जाऊन उभा राहिला. सौ.चा ऊर भरून आला. शेजारच्या खोलीतल्या मुलाने रांगोळीवर पाय पडू नये म्हणून तिच्याभोवती स्वतःचे चार जाडजूड ग्रंथ मांडून ठेवले. अर्थशास्त्राचा इतका चांगला उपयोग मी तोवर पाहिला नव्हता. डिसेंबरात घुमटावर आणि खांबांवर दिवे लावतात, तो सोहळा २००१ पासूनचा. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर विद्यार्थ्यांनीच सुरू केला. मेमध्ये पदवी घेणारी मुले रोटुंडाकडून खाली लॉनवरून चालत जातात. घरच्यांना गर्दीत ओळखू यावे म्हणून हातांत रंगीबेरंगी फुगे! तिथे 'पदवी मिळाली' असे म्हणत नाहीत, 'लॉनवरून चालले' म्हणतात. रात्री बेरात्री त्या हिरवळीवरून धावत जाण्याचीही एक जुनी प्रथा आहे; तीत अंगावर काय असते, किंवा नसते, ते कौटुंबिक अंकात छापण्याजोगे नाही. नातीने सांगायला सुरुवात केली आणि सौ.ने तिला चकली दिली.

पण मला सांगायची ती नरकचतुर्दशीची पहाट. ३१ ऑक्टोबर. सौ.चा हट्ट, की पोरीचे पहिले पाणी सूर्य उगवायच्या आत झालेच पाहिजे, मग ती कुठल्याही देशात, कुठल्याही खोलीत राहो. तिकडे त्या दिवसांत सूर्य साडेसातनंतर वर येतो, ही त्यातल्या त्यात सोय. आम्ही रिचमंडहून अंधारात निघालो. गाडी चिरंजीव चालवत होता. मागच्या सीटवर उटणे, तेल, पाट, आणि कारिटाच्या जागी एक छोटासा टोमॅटो, कारण कारीट अमेरिकेत मिळत नाही आणि नरकासुराला काही ते कळत नाही, असे सौ.चे मत.

सहाच्या सुमारास आम्ही गॅलरीत होतो. हिरवळीवर दव होते, आणि धुक्यात समोरच्या रांगेचे खांब अर्धेच दिसत होते. कोणी जागे नव्हते. सौ.ने नातीला खोलीतच पाटावर बसवून तेल लावले. औक्षण झाले. मग ती जाडा झगा गुंडाळून, उटण्याची वाटी आणि टॉवेल घेऊन, कुडकुडत गॅलरीतून न्हाणीघराकडे निघाली. चपला दगडावर फटक फटक वाजत होत्या. सौ. तिच्या मागोमाग.

चिरंजीव झुलत्या खुर्चीत बसला होता. खिशात हात, नजर गवताकडे. बराच वेळ गेला. मी खांबाला टेकून उभा होतो. मला वाटले, तो आता काहीतरी बोलेल. पण बोलला नाही. तेवढ्यात आडोशाच्या बाजूने नातीच्या हसण्याचा आणि सौ.च्या दटावण्याचा आवाज आला.

तो खुर्चीतून उठला, गॅलरीच्या त्या टोकापर्यंत गेला, आणि भिंतीच्या अलीकडे उभा राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, गिरगावच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आवाजात ओरडला, "आटप गं लवकर! मागे रांग लागलीय!"

गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती. एका खोलीत दिवा लागला.